ट्रॉली कोण ढकलतो?
गाण्यांच्या व्हिडिओतले नकली जगणे

गाण्याचा व्हिडिओ म्हणजे तीन-चार मिनिटांचा खेळ. त्यात नाच असतो, रंग असतात, मोटारी आणि बंगले असतात. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "बंद कर तो धिंगाणा." पोरे आवाज कमी करतात आणि बघतच राहतात. आमचे म्हणणे असे की, बंद करायला सांगण्याआधी एकदा पोरांच्या शेजारी बसून बघावे. याच खेळात काही कलावंतांनी आजच्या नकली, दिखाऊ जगण्यावर नेमके बोट ठेवलेले आहे. ते कसे वाचायचे, हे आपल्या कष्टकरी कुटुंबांनी शिकून घ्यायला हवे. चित्रातला बंगला बघून आपल्या दहा बाय बाराच्या खोलीची लाज वाटू लागली, बापाच्या कामाची लाज वाटू लागली, तर ते नुकसान कुठल्याही वहीत मांडता येत नाही.

थोडा इतिहास सांगतो. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. तिने दाखवलेला पहिलाच व्हिडिओ बगल्स या ब्रिटिश गटाचा होता आणि त्या गाण्याचा विषयही व्हिडिओ आल्यामुळे रेडिओवरचा गायक कसा संपला हाच होता. आपल्याकडे ही वाहिनी १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर उपग्रहावरून आली. केबलवाल्याच्या तारा चाळीचाळींतून फिरल्या आणि न्यूयॉर्क-लंडनची गाणी लेबर कॅम्पात आणि बीडीडी चाळीत वाजू लागली. २००५ साली यूट्यूब निघाले. आता तारेचीही गरज उरलेली नाही. पोराच्या खिशातच वाहिनी आहे. म्हणून जुने-नवे काही व्हिडिओ घेऊन आम्ही इथे त्यांचा अर्थ लावून पाहणार आहोत. इंग्रजी येत नसले तरी अडत नाही, कारण यात चित्रच अधिक बोलते.

हमालाचे गाणे

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश गटाचे 'मनी फॉर नथिंग' हे गाणे १९८५ सालचे. त्याची जन्मकथा आपल्या वाचकांना आवडेल अशी आहे. गायक मार्क नॉफ्लर न्यूयॉर्कमधल्या विजेच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात गेले होते. तिथे टीव्ही संचांची रांग मांडलेली होती आणि सगळ्या पडद्यांवर एमटीव्ही लावलेली होती. माल उचलणारा एक कामगार ती बघत होता आणि मोठमोठ्याने बोलत होता. आम्ही इथे फ्रीज आणि ओव्हन वाहून मरतो आणि ही पोरे गिटार वाजवून फुकटचे पैसे मिळवतात, असा त्याचा सूर होता. नॉफ्लर यांनी कागद-पेन मागून घेतले आणि त्याच दुकानात बसून त्याचे शब्द टिपले. त्यातून हे गाणे झाले.

स्टीव्ह बॅरन यांनी त्याचा व्हिडिओ केला, तो संगणकावर चित्रे हलवून. त्या काळी ही विद्या अगदी नवीन होती. व्हिडिओतला कामगार ठोकळ्यांचा आहे. चौकोनी डोके, चौकोनी हात, खोके ठेवावे तसे शरीर. याउलट टीव्हीच्या पडद्यात गाणारी मंडळी हाडामांसाची आहेत आणि त्यांच्या कपड्यांवर, वाद्यांवर चमकत्या रंगांच्या रेघा ओढलेल्या आहेत.

आमच्या मते या व्हिडिओचा अर्थ इथेच आहे. ज्याचे काम खरे, ज्याच्या पाठीला खरा ताण, तो माणूस चित्रात खोटा दिसतो. पडद्यातले झगमगते जग मात्र खरे वाटते. टीव्हीने हाच उलटा हिशोब केला. जमेची रक्कम खर्चाच्या बाजूला टाकली आणि खर्चाची जमेला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून, त्यामुळे अशी फिरवाफिरव चटकन नजरेला येते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या कामगाराच्या तोंडी समलिंगी माणसांना हिणवणारा एक शब्द मूळ गाण्यात आहे. कॅनडात त्यावरून तक्रार झाली आणि २०११ साली तिथल्या प्रसारण मानक परिषदेने तो शब्द रेडिओसाठी अयोग्य ठरवला. पुढे त्याच वर्षी तिने हा निर्णय एकेका केंद्रावर सोपवला. नॉफ्लर यांचे म्हणणे होते की, बोलणे त्या पात्राचे आहे. ते खरे धरले तरी आपण त्यातून एक शिकावे. कष्ट करणाऱ्याचा राग न्याय्य असतो, पण तो पुष्कळदा चुकीच्या माणसावर निघतो. मजुरी ठरवणारा मालक समोर नसतो, म्हणून शेजारच्या दुबळ्याला शिवी दिली जाते. जातीच्या शिव्या खाल्लेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत अशी की, एमटीव्हीची टर उडवणारे हे गाणे एमटीव्हीनेच डोक्यावर घेतले. १९८६ साली त्याला त्या वाहिनीचा वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार मिळाला. १ ऑगस्ट १९८७ रोजी युरोपात एमटीव्ही सुरू झाली, तेव्हा पहिला व्हिडिओ लागला तो हाच. या गमतीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

प्लास्टिकचे झाड

रेडिओहेड हा इंग्लंडमधला गट. १९९५ सालच्या त्यांच्या 'द बेंड्स' या अल्बममध्ये 'फेक प्लास्टिक ट्रीज' नावाचे संथ, उदास गाणे आहे. गाण्यात प्लास्टिकच्या रोपाला पाणी घालणारी बाई आहे. तरुणींच्या शरीराची शस्त्रक्रियेने दुरुस्ती करून देणारा आणि आता स्वतःच खचलेला पुरुष आहे. सगळे दिसायला छान आहे आणि सगळे नकली आहे. जेक स्कॉट यांनी केलेला व्हिडिओ एका सुपरमार्केटमध्ये घडतो. पांढराफेक प्रकाश, रंगीत डब्यांच्या रांगा, आणि सामान ठेवायच्या ट्रॉल्यांमध्ये माणसे बसलेली. गाणारा थॉम यॉर्कही ट्रॉलीतच बसला आहे. ट्रॉल्या रांगांमधून फिरत राहतात.

दिग्दर्शकाने या व्हिडिओला मृत्यू आणि पुनर्जन्माचे रूपक म्हटले होते. पुनर्जन्माचा हिशोब आपण ठेवत नाही, तेव्हा तो अर्थ त्यांच्याकडेच राहू द्यावा. आम्हाला दिसतो तो अर्थ साधा आहे. जिथे वस्तू ठेवायची तिथे माणूस बसला आहे. गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरलेला माणूस बघता बघता स्वतःच माल झाला आहे. आपले लक्ष ट्रॉलीत बसलेल्याकडे जाते. ढकलणाऱ्याकडे कोणी बघत नाही. आणि ते डबे रात्री रांगेत कोणी लावले, फरशी कोणी पुसली, हा प्रश्न तर त्या पांढऱ्या प्रकाशात कुणाला पडतच नाही.

या गाण्याचा संबंध लंडनमधल्या कॅनरी व्हार्फ या भागाशी जोडला जातो. त्या भागाची गोष्ट कळली की गाणे जास्त कळते. तिथे १८०२ साली वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली साखर आणि रम तिथे उतरत असे. गोदी कामगारांच्या पिढ्या तिथे राबल्या. १९८० साली ती गोदी बंद पडली आणि तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. १९९१ साली पूर्ण झालेला मोठा मनोरा त्या वेळी ब्रिटनमधली सर्वांत उंच इमारत होता. हमालांच्या जागी बँकांची कार्यालये आली.

मुंबईच्या गिरणगावाला ही कथा ओळखीची वाटेल. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात एकेक गिरणी थंड पडत गेली. लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल आहे. जिथे साच्यांचा आवाज असायचा तिथे कपड्यांच्या काचा आहेत. त्या काचेपुढे उभा राहून फोटो काढणाऱ्या पोराला आपला आजोबा इथे कुठल्या खात्यात होता हे ठाऊक नसते. असे घडते तेव्हा आम्ही त्याला नकली जगणे म्हणतो. झाड प्लास्टिकचे आहे यापेक्षा खालची माती कुणाची होती हे विसरले गेले, हे जास्त वाईट.

हेल्मेटमध्ये चढणारे पाणी

याच गटाचे 'नो सर्प्रायझेस' हे गाणे १९९७ सालच्या 'ओके कॉम्प्युटर' या अल्बममधले. ग्रँट गी यांनी केलेल्या व्हिडिओत एकच चेहरा आहे. थॉम यॉर्कच्या डोक्यावर काचेसारखे पारदर्शक हेल्मेट आहे. तो हळू आवाजात गातो आणि हेल्मेटमध्ये पाणी चढू लागते. हनुवटी, ओठ, नाक, डोळे. मग बराच वेळ तो पाण्याखाली, निश्चल. बघणाऱ्याचाच श्वास कोंडतो. शेवटी पाणी ओसरते, तो श्वास घेतो आणि पुन्हा गाऊ लागतो, जणू काही घडलेच नाही.

गाण्याचा विषय म्हणजे माणसाला हळूहळू मारणारी नोकरी, सुंदर घर, सुंदर बाग आणि कसलीही गडबड नको अशी इच्छा. कारकुनी करणाऱ्याला या व्हिडिओचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. पूर आला तर माणूस ओरडतो, पळतो. इथे पाणी इंचाइंचाने चढते. आज एक फाईल, उद्या साहेबाचे एक टोचणारे वाक्य, परवा घराच्या कर्जाचा हप्ता. ज्या दिवशी पाणी नाकावर येते त्या दिवशी ओरडायची सवयच मोडलेली असते. आणि शेवटी पाणी ओसरून तोच सूर सुरू होतो, ती आमच्या मते सर्वांत भेदक जागा. कारण उद्या सकाळी पुन्हा हेल्मेट घालायचेच आहे.

चित्रीकरणात युक्ती होती. पाण्याखालचा भाग वेगाने चित्रित करून नंतर संथ केला, म्हणून गायकाला पडद्यावर दिसतो तेवढा वेळ श्वास धरावा लागला नाही. तरीही पुन्हा पुन्हा तो प्रसंग करताना त्याची काय अवस्था झाली, हे १९९८ सालच्या 'मीटिंग पीपल इज ईझी' या माहितीपटात दिसते. खोट्या बुडण्यातही माणूस खरा घुसमटतो.

इथे आम्हाला आपल्या वस्तीतला दुसरा एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. गटारात उतरवला जाणारा सफाई कामगार. स्टुडिओत पाणी सोडायला आणि थांबवायला माणसे उभी होती. गटारातल्या वायूला थांबवायला कोणी नसते आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेटही नसते. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ साली कडक कायदा झाला. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरी माणसे मरतच आहेत. वरच्या मजल्यावरच्या चकचकीत न्हाणीघराची नळी शेवटी त्याच गटारात उतरते. आधुनिक जगण्यावरचे हे व्हिडिओ वरच्या मजल्यावरच्या माणसाची घुसमट फार चांगली दाखवतात. नळीच्या खालच्या टोकापर्यंत मात्र ते पोहोचत नाहीत. हे न्यून आपण ध्यानात ठेवावे.

सरकणारी जमीन

१९९६ सालचे जामिरोक्वाय या ब्रिटिश गटाचे 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' म्हणजे आभासी वेडेपणावरचे गाणे. जोनाथन ग्लेझर यांचा त्याचा व्हिडिओ पोरे आजही कौतुकाने बघतात. रिकामी करडी खोली, दोन-चार कोच आणि डोक्यावर भलीमोठी टोपी घालून नाचणारा जे के. पायाखालची जमीन सरकते आहे, माणूस एका जागी असूनही वाहत चालला आहे असे वाटते. विज्ञानाच्या हाती सापडून माणूस आपले खरे जग हरवतो आहे, असा गाण्याचा रोख. १९९७ साली एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार याला मिळाला.

युक्ती काय होती? जमीन हललीच नाही. खोलीच्या भिंती चाकांवर होत्या आणि त्या सरकवल्या जात होत्या. कॅमेरा भिंतींबरोबरच सरकत असल्यामुळे आपल्याला जमीन सरकल्यासारखी दिसते. म्हणजे एकटा माणूस नाचतो आहे असे वाटणाऱ्या त्या चित्राबाहेर भिंती हलवणारी माणसे घाम गाळत होती. एमटीव्ही व्हिडिओच्या कोपऱ्यात गायकाचे, गाण्याचे, अल्बमचे आणि कंपनीचे नाव देत असे. दिग्दर्शकाचे नाव द्यायला तिने १९९२ साली सुरुवात केली. भिंती ढकलणाऱ्यांची नावे त्या कोपऱ्यात कधीच आली नाहीत.

बाहुलीचा हात आणि कंपनीचा हिशोब

१९९७ साली ॲक्वा या डेन्मार्क-नॉर्वेच्या गटाने 'बार्बी गर्ल' हे गाणे काढले. गोड चालीत बाहुलीसारख्या बाईची थट्टा. व्हिडिओत प्लास्टिकचे गुलाबी जग आहे आणि एका क्षणी तिचा हात निखळून जोडीदाराच्या हातात येतो. मुली हसतात, पण बघावे तर तो हसण्याचा क्षण नाही. दुसऱ्याच्या मर्जीने वाकणाऱ्या बाईचे अवयवही तिचे राहत नाहीत.

बाहुली बनवणारी मॅटेल कंपनी संतापली आणि तिने गाण्याच्या कंपनीवर खटला भरला. २००२ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने गाणे ही थट्टा आहे, तिला अभिव्यक्तीचे संरक्षण आहे असा निकाल दिला. मग २००९ साली याच मॅटेलने शब्द बदलून तेच गाणे आपल्या बाहुलीच्या जाहिरातीला वापरले.

वाचकहो, बाजार टीकेला घाबरत नाही. तो टीकेलाही किंमत लावतो आणि फडताळात मांडतो. एमटीव्हीने हमालाचे गाणे डोक्यावर घेतले ते याच न्यायाने. मोबी यांच्या २०१६ सालच्या एका गाण्यासाठी स्टीव्ह कट्स यांनी जुन्या व्यंगचित्रपटांच्या ढंगात व्हिडिओ केला. त्यात सगळे शहर मोबाईलमध्ये डोके घालून चालते आणि शेवटी माणसे तशीच कड्यावरून खाली पडतात. तो व्हिडिओ लोकांनी बघितला कशावर? मोबाईलवरच. तेव्हा 'छान संदेश आहे' म्हणून पुढे पाठवले की आपले काम झाले, असे समजू नये.

दोष यंत्राला देऊ नये

असे व्हिडिओ बघून काही सुशिक्षित मंडळी लगेच म्हणतात, शहर वाईट, यंत्र वाईट, जुने खेडे बरे, तिथे माणुसकी होती. इथे आपण सावध राहिले पाहिजे. खेड्यातली ती माणुसकी वेशीच्या आतली होती. आपला वाडा वेशीबाहेर होता. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या या गोडव्यावर स्वच्छ शब्दांत टीका केली. त्याआधी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू मांडली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती वाढते, आणि यंत्राचा लाभ मूठभरांनाच मिळत असेल तर यंत्राला शिव्या न देता समाजाची रचना बदलावी, असे त्यांचे म्हणणे होते.

जुनी गिरणीही काही स्वर्ग नव्हती. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. बाबासाहेबांना हा प्रश्न संपाच्या काळात मांडावा लागला.

तेव्हा घरातली प्लास्टिकची खुर्ची, गॅस, पंखा, हप्त्याने घेतलेला फ्रीज यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. प्लास्टिकच्या घागरीने आमच्या माताभगिनींच्या डोक्यावरचे ओझे हलके केले आहे. वस्तू नकली असल्याने जगणे नकली होत नाही. माणूस वस्तूसारखा मोजला जाऊ लागला आणि राबणारे हात चित्राबाहेर गेले की ते नकली होते.

घरात बघताना

आमची पालकांना आणि वस्तीतल्या तरुण मंडळांना एक सूचना आहे. आठवड्यातून एकदा पोरांबरोबर असा एखादा व्हिडिओ बघावा. उपदेश करू नये. चार प्रश्न मात्र जरूर विचारावेत. या चित्रात काम करताना कोण दिसतो? कोण दिसत नाही, पण असलाच पाहिजे? यातून कोण काय विकतो आहे? आणि हे बघून झाल्यावर आपल्याला आपल्या घराविषयी काय वाटले?

शेवटच्या प्रश्नाला मूल लगेच उत्तर देणार नाही. वाट बघावी. बाप सुरक्षारक्षक असेल, आई मॉलमध्ये फरशी पुसत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी मूलच सांगेल की हा चकचकीत मजला कोण चकचकीत ठेवतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी पडद्यावरचे झाड प्लास्टिकचे आहे हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.